चारशे यंत्रं आणि एक सायाळ

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होतं. कशाला होतं, असं विचारायचं नाही. असतं.

विद्यापीठामागच्या टेकडीत एक गुहा होती. त्या गुहेत हजार यंत्रं एकमेकांना जोडून ठेवली होती. सगळ्यांनी मिळून एकेक गणित सोडवायचं, म्हणजे ते चटकन सुटतं. या सगळ्याला मिळून महागणक म्हणत. गुहेत एसी होता. जंगलात दुसरीकडे कुठे साधा पंखाही नव्हता, पण यंत्रांना उकडून चालत नाही.

पूर्वी महागणक वापरायचा तर मुंगूसरावांकडे जावं लागे. ते एका काळ्या पडद्यासमोर बसत आणि त्यावर कसल्याशा आज्ञा टाईप करायला लावत. एक अक्षर चुकलं की यंत्र गप्प बसे आणि मुंगूसराव बोलू लागत. ते ऐकून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. म्हणून कुलगुरू सिंहांनी एक पोर्टल बनवून घेतलं. आता झाडाखाली बसून, चित्रांवर बोट ठेवून, कुणालाही महागणक वापरता येऊ लागला. मुंगूसरावांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं.

पोर्टल खरोखरच छान होतं. दोनच रकाने भरायचे. किती यंत्रं हवीत? किती तास हवेत?

याच विद्यापीठात इंदू नावाची एक सायाळ पीएचडी करत होती. विषय होता वणवा. वारा कुठला, गवत किती वाळलंय, उतार कसा आहे, हे सांगितलं की आग कुठे जाईल ते काढायचं. हा विषय तिनं हौसेनं घेतला नव्हता. तिची आई पूर्वेच्या उतारावर राहायची, तीस बिळांच्या वस्तीत. तिथे दर उन्हाळ्यात वणवा येई आणि वस्तीपुढे एकच प्रश्न असे. वर खडकाळ सड्यावर पळायचं, की खाली ओढ्याकडे? दोन्हीकडे पोचलं तर जीव वाचे. वाटेत आगीनं गाठलं तर नाही.

त्या वर्षी उत्तरेच्या डोंगरावर धूर दिसला, तशी आई स्वतः विद्यापीठात आली.

"इंदे, तुझं गणित काय म्हणतंय? वर जायचं का खाली, तेवढं सांग. सगळी खोळंबलीत."

"संध्याकाळपर्यंत सांगते, आई."

इंदूच्या गणिताला चार यंत्रं आणि दोन तास पुरत होते. तिनं तसं लिहिलं. बटण दाबणार एवढ्यात मागून तिचे गाईड आले. डॉक्टर गवा.

"चार?" ते म्हणाले. "आपला विभाग आहे की पानाची टपरी?"

"सर, गणित तेवढंच आहे."

"गणिताचं काय घेऊन बसलीस! महिनाअखेरीला कँटीनच्या भिंतीवर तक्ता लागतो, कुणी किती यंत्रं मागितली त्याचा. फळशास्त्रवाले सहाशेवर आहेत. तू चारशे टाक. तास बहात्तर."

गाईडपुढे वाद घालायचा नसतो, हे पीएचडीच्या पहिल्याच वर्षी कळतं. इंदू तिसऱ्या वर्षाला होती. तिनं चारशे लिहिलं. पोर्टलनं नम्रपणे कळवलं, आपली विनंती रांगेत आहे, क्रमांक एकतीस.

दुसऱ्या दिवशीही क्रमांक एकतीसच होता. धूर डोंगराच्या अलीकडे आला होता. सायाळीच्या अंगावर काटा येणं ही रोजचीच गोष्ट, पण इंदूला आता रांगेत बसवेना. यंत्रं अडवली कुणी, हे बघायला ती फळशास्त्र विभागात गेली. तिथला वानर फांदीवर आडवा झाला होता.

"सर, तुमचं काम तीन दिवस चालू दिसतंय."

"चालू कुठलं? नुसतं उघडं आहे."

"म्हणजे?"

"एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकतो की नाही? तसं. सोमवारी लागलं म्हणजे?"

"मग आज सोडा ना. आईचा जीव टांगणीला लागलाय माझ्या."

"सोडलं तर सोमवारी जागा कोण देईल? तू?"

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. सगळेच रुमाल टाकून बसले होते. हजार यंत्रं थंडगार हवेत रिकामी बसून होती आणि पोर्टलवर शंभर टक्के वापर दिसत होता. सिंह खूश होते.

इंदू तडक मुंगूसरावांच्या घरी गेली.

"लागतात किती?" त्यांनी विचारलं.

"चार."

"मागितलीस किती?"

"चारशे."

यावर मुंगूसराव जे बोलले ते लहान मुलांच्या गोष्टीत सांगता येत नाही. मग जरा शांत होऊन म्हणाले, "अगं, चारशे यंत्रं एकदम रिकामी व्हायला कितीक दिवस लागतील. चार तर कुठल्याही कोपऱ्यात सापडतात. जा, चार लिही."

"पोर्टलवर चालेल?"

"पोर्टलला काय धाड भरलीय? लाज तुम्हाला वाटते, त्याला नाही."

इंदूनं चारशेची विनंती रद्द केली आणि चार लिहिलं. अकराव्या मिनिटाला काम सुरू झालं. दोन तासांनी उत्तर आलं. वारा फिरणार, आग ओढ्याच्या अंगानं जाणार, वर पळा. इंदू धावत सुटली. तीसही बिळं जळाली, पण वस्ती सड्यावर पोचली होती. कुणाचा एक काटा करपला नाही. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि इंदू हमसून हमसून रडली.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी. पण ते विद्यापीठ होतं.

महिनाअखेरीला तक्ता लागला. इंदूचा विभाग सगळ्यात खाली. चौकशी समिती बसली.

"बहात्तर तासांची मुभा असताना आपण दोनच तास का वापरले?"

"आग थांबली नसती."

"तसं फॉर्ममध्ये कुठे नमूद केलंय?"

कुठेच केलेलं नव्हतं. अपुऱ्या वापराबद्दल इंदूचं खातं दोन वर्षांसाठी बंद झालं. वानराला 'उत्कृष्ट वापरकर्ता' म्हणून सन्मानचिन्ह मिळालं. हे सगळं कसं झालं मला कळलंच नाही, असं तो भाषणात म्हणाला. टाळ्या पडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा धूर दिसला, या खेपेला दक्षिणेकडे. इंदू गव्यांकडे गेली.

"सर, तुमच्या खात्यातून तेवढी चार यंत्रं मागा. पाया पडते."

गवा मनानं वाईट नव्हते. हातातलं काम टाकून त्यांनी लगेच फॉर्म भरला. आठशे यंत्रं.

"सर, चार!"

"तुझ्या आईचा प्रश्न आहे, इंदू. कमी कशाला पडू द्यायचं?"

क्रमांक चौपन्न आला.

आई यंदा विचारायला आलीच नाही. वस्तीला उत्तर ठाऊक होतं. आईनं सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाली, "वर चला. इंदूनं सांगितलंय."

वारा यंदा वरच्या बाजूला वाहत होता.

पाचव्या दिवशी गणित सुटलं. उत्तर आलं, खाली ओढ्याकडे जा. उत्तर अगदी बरोबर होतं. त्याखाली पोर्टलनं लिहिलं होतं, आपलं काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं आहे, आपला अनुभव कसा वाटला?

इंदू त्या ओळीकडे बघत बसली. मग गव्यांनीच पुढे होऊन पाच तारे दिले.

तात्पर्य : बाळांनो, गरजेपुरतं कधी मागू नये. गरजेपुरतं मागितलं की काम होऊन जातं, आणि मग आपण किती मोठं काम करत होतो हे कुणालाच कळत नाही.