वाचून सही करावी

जानेवारीतल्या त्या बुधवारी सकाळी आत्माराम साळवींनी सोसायटीची सूचनावही थेट मुलीच्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली आणि पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.

"तेवीस झाल्या. तुझी तेवढी राहिलीय."

"बाबा, मला उशीर होतोय."

"सहीला उशीर होत नाही. वाचायला होतो. पण आधी वाच."

संपदा एका कॉलेजात ग्रंथपाल होती. शेंगदाण्याची पुडी संपली की तिचा कागद उलगडून वाचल्याशिवाय ती टाकत नसे. जगात ती फक्त एकच गोष्ट वाचत नसे, ती म्हणजे वडिलांच्या सूचना. भाईंदर पूर्वेच्या त्या चार मजली इमारतीचे ते पहिल्या दिवसापासूनचे सचिव. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेली असल्यामुळे त्यांना साधं वाक्य सुचत नसे, कलम सुचत असे. 'पाण्याची टाकी धुण्याबाबत' नऊ कलमं. 'गच्चीवर पापड वाळत घालण्याबाबत' बारा, शिवाय अ आणि ब. वॉचमन जीवन ती वही घेऊन दारोदार फिरे, बोट ठेवून जागा दाखवे आणि लोक कणकेच्या हातांनी, साबणाच्या हातांनी, फोनवर बोलता बोलता सही ठोकत. सही म्हणजे संमती नव्हे, नाराजीही नव्हे. सही म्हणजे वही शेजारच्या दारात ढकलण्याचा उपाय.

संपदाने विषय तेवढा वाचला. 'अनौपचारिक सायकल मोहीम, भाईंदर ते केळवे, रविवार दि. २८ जानेवारी २००७.' आणि सही केली.

"वाचलंस?"

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं, बाबा."

ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. "काही बोलायचंय?"

"काय बोलायचं? छान आहे." ती चपला शोधत होती.

"बरं," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. "चोवीसच्या चोवीस. कुणाचीच हरकत नाही. कमाल आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीत पेपर वाचत बसले होते. आई चहा घेऊन गेली तेव्हा चष्मा डोळ्यांवर तसाच होता, आणि पेपरचं दुसरं पान उलटायचं राहून गेलं होतं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, घर मोठं वाटायला लागलं आणि आईने कपाटावरून ती वही काढली.

"रविवार अठ्ठावीसला बारा दिवस राहिलेत," मंदाताई म्हणाल्या. "तयारी कोण करणार?"

"आई, आता कसली मोहीम?"

"चोवीस लोकांनी सह्या केल्यात. ह्यांनी आयुष्यात काही ठरवलं आणि चोवीसच्या चोवीस जण हो म्हणाले, असं एकदाच झालंय. तू पुढे राहा. तुला तर दोन दिवसांत सायकल आली होती."

इथेच खरी अडचण होती. संपदाला सायकल येत नव्हती.

ती नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला मुर्ध्याच्या रस्त्यावर, मिठागरांच्या कडेने, शिकवायला घेतलं होतं. कॅरियर धरून ते मागून धावायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात सोडला. पुढे उतार होता, तेव्हा सायकल आपली आपण चाळीस पावलं गेली आणि गवतात आडवी झाली. धापा टाकत वडील आले. "मी सोडलं होतं, कळलं का तुला? तुझी तू चालवलीस." त्यांच्या चेहऱ्याकडे बघून संपदा म्हणाली, "आली मला." त्यानंतर पंचवीस वर्षं ती ते निभावत होती. शाळेत असताना चाक पंक्चर असायचं, कॉलेजात परीक्षा असायची, नोकरीत साडी आणि पस्तिशीकडे झुकल्यावर गुडघा. वडील मात्र घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "आमच्या संपदाला दोन दिवसांत सायकल आली. रस्ता मुर्ध्याचा, पण पोरगी हुशार." ते गेल्यावर भेटायला आलेल्या दोघांनी तिला हीच गोष्ट पुन्हा सांगितली होती. आता ती खोटी कोणी पाडायची?

तिने सोपा मार्ग काढला. कोणीतरी एकजण नाही म्हणेल, मग दुसरा म्हणेल, आणि मोहीम आपोआप मोडेल. ती आधी चौथ्या मजल्यावर नानासाहेबांकडे गेली. वय अठ्ठ्याहत्तर. सोसायटीच्या प्रत्येक ठरावाला विरोध करण्यात हयात गेलेली.

"नानासाहेब, अठ्ठावीस तारखेचं तुम्हाला जमणार नसेल, तर..."

"अठ्ठावीसला काय आहे?"

"सायकलवरून केळव्याला जायचंय. बाबांच्या सूचनेवर सही आहे तुमची."

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. किती किलोमीटर, असं विचारलं. संपदाने पंचाहत्तर सांगितलं. त्यांनी चष्मा परत काढला.

"आत्मारामला मी जिवंतपणी फार छळलं," ते शेवटी म्हणाले. "सही केलीय ना? मग येणार."

पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेन दारातच म्हणाल्या, "रविवारी टाकी धोणार ना? मी सगळे ड्रम भरून ठेवते."

"टाकी नाही हंसाबेन, सायकल."

"सायकल?" त्यांनी आत वळून नवऱ्याकडे बघितलं. नवरा पेपरामागे गेला. "हा हा, सायकल. मालूम है ना. सही केली तेव्हाच मी ह्यांना बोलली. सालवीसाब के लिए तो जायेंगेच. थेपला मी आणते, चोवीस लोकांचा."

दुसऱ्या मजल्यावरचा जितेंद्र बँकेत होता आणि दंड दिसतील असे शर्ट घालत असे. "सेव्हन्टी फाइव्ह? ते तर वॉर्मअप आहे, संपदाताई," तो म्हणाला आणि दाराची चौकट धरून उभा राहिला.

उरलेली तेवीस दारं झाली. कुणी एकानेही नाही म्हटलं नाही. सुतकातून नुकत्याच उठलेल्या मुलीच्या तोंडावर 'आम्ही न वाचता सही केली' असं कोण म्हणणार? सगळे तिच्या माघारीची वाट बघत होते, ती सगळ्यांच्या. तेवढ्यात नानासाहेबांनी आपल्या पापाचं परिमार्जन म्हणून फाटकावर बॅनर लावला. 'कै. आत्माराम साळवी स्मृती सायकल मोहीम. सर्व चोवीस सभासदांचा उत्स्फूर्त सहभाग.' त्यात संपदाचा फोटो होता आणि खाली 'नेतृत्व' असा शब्द. शेजारच्या दोन सोसायट्यांनी निरोपाला ढोल आणायचं कबूल केलं. जवळच्या हाटकेशमधल्या सायकल कारखान्यातून सायकली आणायला टेम्पो ठरला. तिथून आलेल्यांत लाल रंगाच्या, पुढे टोपली असलेल्या सहा लेडीज सायकली होत्या, आणि त्या पाहून जितेंद्र म्हणाला की त्याला कुठलीही चालेल, म्हणजे सगळ्यात शेवटी उरेल ती.

आठवडा राहिला तेव्हा संपदा पहाटे उठून बाबांची सायकल हाताने ढकलत मुर्ध्याला गेली. तोच रस्ता, तोच उतार, फक्त मिठागरांच्या जागी आता इमारतींचे खांब उभे राहत होते. पहिल्या खेपेला ती दहा पावलं गेली. दुसऱ्या खेपेला सात. तिसऱ्यांदा ती खाली बसली होती तेव्हा डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली आनंदी कोळीण थांबली. ती बाबांकडे वर्षानुवर्षं बोंबील घेऊन यायची.

"बाय, ती सायकल हाय, म्हस न्हाय. शिंगं कशाला आवळलीस?"

"पडेन म्हणून."

"पडलीस की. आता काय न्हाय व्हायचं." आनंदीने पाटी सावरली. "आन तो तिकरं कोन तुझा?"

रस्त्याच्या पलीकडे, खड्ड्यात, टोपलीच्या लाल सायकलखाली जितेंद्र होता. तो घाईघाईने उठला.

"चेन बघत होतो," तो म्हणाला.

"मीपण," संपदा म्हणाली.

दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि वेगवेगळ्या रिक्षांत सायकली कोंबून घरी आले.

अठ्ठावीसला सकाळी सहा वाजता फाटकाशी चोवीस घरांची चोवीस माणसं, चोवीस सायकली आणि ढोल हजर होते. मंदाताईंनी प्रत्येकाला कुंकू लावलं, नारळ फोडला. जीवनने शिट्टी मारली. कोणी हललं नाही. हंसाबेन सीटवर रुमाल टाकून तो पुनःपुन्हा सरळ करत होत्या. तिघेजण एकाच चाकातली हवा दाबून बघत होते.

"संपदाताई, तुम्ही पुढे," जितेंद्र म्हणाला.

"आधी नानासाहेब. वडीलधारे."

"नेतृत्व तिचं आहे," नानासाहेब म्हणाले. "बॅनरवर स्पष्ट आहे."

जीवनने पुन्हा शिट्टी मारली. ढोलवाले थकून थांबले. तेव्हा नानासाहेबांना एकाएकी नियम आठवला. "कुठलंही कामकाज सुरू करण्यापूर्वी सूचनेचं वाचन व्हायला हवं. आत्मारामने ते कधी चुकवलं नाही. जीवन, वही आण."

सगळ्यांनी इतक्या जोरात माना हलवल्या की दोन सायकली पडल्या. जीवनने वही आणली आणि सवयीने सहीच्या जागेवर बोट ठेवलं. संपदाने त्याचं बोट बाजूला केलं. गेले बारा दिवस ती वही उघडायची, वरची ओळ बघायची आणि ते अक्षर पुढे वाचवायचं नाही. आता चाळीस-पन्नास डोळे तिच्यावर होते. ती वाचायला लागली.

"कलम एक. ही शर्यत नाही. मजेत जायचे आहे. कलम दोन. प्रत्येकाने पाणी सोबत घ्यावे. कलम तीन. खाऱ्या शेंगदाण्यांची व्यवस्था सचिव करतील. कलम चार. ज्यांना सायकल येत नाही, त्यांनी सहीसमोर 'नाही' असे लिहावे. न लिहिल्यास येते असे धरण्यात येईल."

फाटकाशी हळूहळू खोकला पसरला.

"पाच. केळव्याहून परत येताना सायकली टेम्पोत, माणसेही टेम्पोत. सहा. सभासद सूचना न वाचता सह्या करतात असा सचिवांचा बारा वर्षांचा अनुभव आहे. त्यामुळे पुढील कलम येथे लिहिण्यास हरकत नाही."

नानासाहेबांनी चष्मा काढला.

"सात." संपदा थांबली. मग तिने तेवढ्याच आवाजात पुढे वाचलं, फक्त जरा सावकाश. "सचिवांची मुलगी, फ्लॅट क्रमांक तीनशे दोन, हिला सायकल येत नाही. हे सचिवांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पंचवीस वर्षांत तिला तोंडावर विचारणे जमले नाही, म्हणून लेखी कळवले आहे. तिला वाचनाची आवड आहे."

मंदाताईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, ते कळत नव्हतं.

"कलम आठ. तिने तसे स्वतःहून सांगितल्यास मोहीम केळव्याऐवजी फक्त मुर्ध्यापर्यंत नेण्यात येईल. तेथे तिला सायकल शिकवण्यात येईल. कॅरियर सचिव धरतील."

खाली तारीख होती, सही होती आणि नेहमीप्रमाणे अधोरेखित केलेलं 'वाचून सही करावी'.

पंचाहत्तर किलोमीटरमधून सत्तर वजा होऊन पाच उरतात, हे हळूहळू एकेकाच्या लक्षात येत होतं. हंसाबेनच्या नवऱ्याने सुस्कारा सोडला आणि हंसाबेनने त्याला कोपर मारलं. जितेंद्र स्वतःच्या बुटांकडे बघत होता. शेवटी नानासाहेब घसा साफ करून, अगदी हळू म्हणाले, "बाळ, ते स्वतःहून सांगायचं आहे. नियम तसा आहे."

संपदाने वही मिटली आणि जीवनच्या हातात दिली. बाबांची सायकल भिंतीला टेकवलेली होती. तिने ती हँडल धरून सरळ केली आणि मागे, कॅरियरकडे, वळून बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मला सायकल येत नाही."