उचल आणि गुडघा मार

नवांपैकी सहावी इनिंग संपली आणि ऑर्व्हिल स्कारने धावफलकाकडे पाहिलं. समोरच्या संघाच्या, सेंट ऑटोच्या नावापुढे, हिट्सच्या रकान्यात, शून्य होतं. सहा इनिंग्ज झाल्या तरी सेंट ऑटोच्या एकाही पठ्ठ्याला ऑर्व्हिलचा पिचर गस याने टाकलेला चेंडू टोलवून बेस गाठणं, म्हणजे हिट मारणं, जमलं नव्हतं. अशाच आणखी तीन गेल्या, तर... पुढचा शब्द ऑर्व्हिलने मनातसुद्धा येऊ दिला नाही. त्या पराक्रमाला नाव आहे, आणि ते मिनेसोटातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो घडत असताना ते उच्चारायचं नसतं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं.

"जिथे बसलाय तिथेच बसा," तो बाकावरच्या खेळाडूंवर खेकसला. "कोणी जागा बदलायची नाही. पिचरशी बोलायचं नाही. त्याच्याकडे बघायचं नाही. आणि ते तर म्हणायचंच नाही."

"कोच, काय म्हणायचं नाही हे एकदा म्हणून दाखवा," डॅरेल म्हणाला. डॅरेल म्हणजे कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. अंगाने आडवा आणि जिभेने त्याहून आडवा.

"तू काहीच म्हणू नकोस. म्हणजे त्यात तेही आलं."

एल्मविक गावच्या संघाचा ऑर्व्हिल हा कोच. त्याचा व्यवसाय गाईंचा, पण धर्म बेसबॉलचा. त्यातही पुस्तकात छापलेल्या नियमांबद्दल त्याला फारसं प्रेम नव्हतं. "लिहिलेले नियम अंपायर बघतो. न लिहिलेले आपण बघायचे," असं तो म्हणायचा. खूप पुढे असाल तर समोरच्याला आणखी चेपायचं नाही. चेंडू लागला तर चोळत बसायचं नाही. आणि होम रन मारलीत तर मान खाली घालून धावायचं, चेंडू किती लांब गेला ते बघत उभं राहायचं नाही. गावाकडे जिंकलेल्या ढाली फार नव्हत्या. पण एल्मविकचा संघ खानदानी खेळतो, असं चार गावं म्हणायची, आणि त्या एका वाक्यावर ऑर्व्हिल हिवाळा काढायचा.

आता आपल्या मैदानावर तो पराक्रम व्हावा, ही त्याची आयुष्यभराची इच्छा. तो कधीच झाला नव्हता. अडचण एवढीच होती, की करणारा गस निघाला. गस थीलन म्हणजे त्याचा जावई.

जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह शत्रूच्या गावातून आला होता. दोन वर्षांपूर्वी गस सेंट ऑटोकडून खेळत असताना त्याने एल्मविकविरुद्ध होम रन मारली, जागच्या जागी उभा राहून ती डोळे भरून पाहिली, आणि वर बॅट हवेत भिरकावून दिली. ऑर्व्हिलच्या डोक्यात तिडीक गेली. पुढे त्याच गसने ऑर्व्हिलच्या मुलीशी, कॅरिनशी लग्न केलं आणि तो एल्मविककडून खेळू लागला. लग्न ऑर्व्हिलने सहन केलं. बॅट सहन झाली नाही. तेव्हापासून तो जावयाशी एक अक्षर बोलला नव्हता. जे असेल ते बायकोमार्फत. "मार्लिस, त्याला विचार, बटाटे वाढू का." गस समोरच बसलेला असायचा.

त्यामुळे आज पिचरशी अबोला धरायचा म्हटल्यावर सगळ्या संघाला कसंनुसं झालं. ऑर्व्हिलला मात्र घरच्यासारखं वाटत होतं.

सातवी इनिंग गेली. आठव्या इनिंगचा सेंट ऑटोचा अर्धा भागही गेला. शून्य तसंच. एल्मविक एका रनने पुढे. सॉसेज-पावाच्या खिडकीत मार्लिसने सहाव्या इनिंगपासून डाव्या हाताने पावाला मोहरीची पिवळी चटणी लावायला सुरुवात केली होती. ती आता उजव्या हाताने लावायला तयार नव्हती, आणि गिऱ्हाइकंही शर्टावर मोहरी झेलत तक्रार करत नव्हती. एल्मविकची फलंदाजी सुरू झाली, तसा गस उठला आणि मक्याच्या शेताला लागून असलेल्या लाकडी संडासाकडे गेला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने तिकडून धडधड ऐकू आली.

"दार वाजवतोय," डॅरेल म्हणाला.

"वाजवू दे. अशा वेळी पिचर काहीही करतात."

"अरे, कोणी आहे का?" तिकडून आवाज आला. "दार अडकलंय!"

सगळा बाक आपापल्या बुटांकडे बघू लागला. ऑर्व्हिलच्या कपाळावर घाम आला. ते दार खाली बसलंय, कुणीतरी एक दिवस अडकेल, असं मार्लिस वसंत ऋतूपासून त्याला सांगत होती. तो म्हणायचा, गावातल्या प्रत्येकाला ते उघडता येतं. आणि ते खरंच होतं. आतून कडी धरायची, दार उचलायचं आणि गुडघा मारायचा. एल्मविकचं पोर चालायला लागलं की हे शिकतं. गस एल्मविकचा नव्हता. आणि हे त्याला सांगावं, इतकं कुणी त्याला आपला मानलं नव्हतं.

"जा, बाहेरून ओढ," ऑर्व्हिलने डॅरेलला सांगितलं. "पण तोंडातून शब्द काढलास तर याद राख!"

डॅरेल गेला आणि परत आला. त्याच्या हातात दाराची मूठ होती. नुसती मूठ.

"कोच, फक्त 'उचल' म्हणतो. एकच शब्द."

"शब्द तो शब्दच!"

"चिठ्ठी सरकवू?"

"चिठ्ठी काय मुकी असते?"

इकडे मैदानात एल्मविकचे दोन गडी बाद झाले होते. तिसरा गेला की गसने येऊन चेंडू टाकायला हवा. नाही आला तर दुसरा पिचर, आणि मग त्या पराक्रमावर पाणी. तिसऱ्या फलंदाजाला खूण मिळाली, वेळ काढ. त्याने बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाची बांधली. मग पहिली सोडून पुन्हा बांधली. ऑर्व्हिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मुद्दाम वेळ काढणं हेही न लिहिलेल्या नियमांत बसत नव्हतं. त्याने उभ्या जन्मात असला चिल्लरपणा केला नव्हता. अखेर तो फलंदाजही बाद झाला.

"पिचर कुठाय?" अंपायर ओरडला. "आणा, नाहीतर दुसरा उभा करा!"

तेवढ्यात सेंट ऑटोचा कोच, लिरॉय ब्रांडल, लंगडत लंगडत मैदानात आला. ऑर्व्हिल आणि लिरॉय यांचं तरुणपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. आता हा म्हातारा नियमावर बोट ठेवणार, या विचाराने ऑर्व्हिलने डोळे मिटले. पण लिरॉय त्याच्या शेजारून जाताना पुटपुटला, "मी त्याला बॅटने हरवीन, ऑर्व्हिल. संडासाच्या दाराने नाही. आवर लवकर." आणि तो थेट अंपायरसमोर जाऊन उभा राहिला.

"ही चुन्याची रेघ वाकडी आहे," लिरॉय म्हणाला.

"आठ इनिंग्ज झाल्यावर दिसली?"

"वय झालं माझं. हळूहळू दिसतं. टेप आणा, मोजू."

"लिरॉय, बाजूला हो."

"आणि तुमची टोपीही वाकडी आहे."

ऑर्व्हिलला हे पाहत उभं राहायलाही वेळ नव्हता. तो संडासाकडे धावला आणि दारासमोर उभा राहून सवयीने खुणा करू लागला. टोपीला हात, कानाला हात, मग दोन्ही हात खालून वर. बंद दाराला त्या दिसतील कशा, हे ध्यानात यायला त्याला वेळ लागला.

"बाहेर कोण आहे?" आतून गस रडकुंडीला आला होता. "मी काय पाप केलंय? बोला ना कुणीतरी!"

ऑर्व्हिलने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. तेवढ्यात सॉसेजचा चिमटा हातात घेऊन मार्लिस आली. तिने दार पाहिलं, नवरा पाहिला आणि सगळं ओळखलं.

"बोल माझ्याशी," ती म्हणाली.

"ही काय वेळ आहे बोलायची?"

"दोन वर्षं त्याला जे सांगायचंय ते मला सांगतोस. मग आजच काय झालं?"

लेकी बोले सुने लागे, ही म्हण एल्मविकमध्ये कुणाला ठाऊक नव्हती. पण ऑर्व्हिल दोन वर्षं त्या विद्येत मुरला होता. त्याने खाकरून घसा साफ केला आणि मक्याच्या शेताकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "मार्लिस, आपल्या या संडासाचं दार अडकलं तर आतल्या माणसाने काय करायचं गं?"

आतली धडधड थांबली.

"सोपं आहे," मार्लिस शाळेतल्या बाईंसारखं सावकाश म्हणाली. "आतली कडी दोन्ही हातांनी धरायची. दार वर उचलायचं. आणि खाली गुडघा मारायचा."

"उजवा की डावा?"

"आपण डावा मारतो. उजवा चेंडू टाकायला लागतो."

गसने शिकवणी जरा जास्तच मनावर घेतली. धाडकन आवाज झाला आणि दार बिजागऱ्यांसकट उखडून बाहेर आलं. त्यावर पालथा पडलेला गस थेट सासऱ्याच्या पायाशी आला. दोघांची नजरानजर झाली.

"यंदा मका बरा दिसतोय, मार्लिस," ऑर्व्हिल घाईघाईने म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला.

मैदानात अंपायरने लिरॉयला हाकलून दिलं होतं. लिरॉय ताठ मानेने कुंपणाबाहेर गेला, आणि सेंट ऑटोच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते अंपायरला शेवटपर्यंत कळलं नाही.

नववी इनिंग. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा फलंदाज उभा राहिला, आणि एल्मविकच्या सगळ्या मैदानाने श्वास रोखला. ऑर्व्हिलचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू गुडघेदुखीचा, लांब मागे उभा होता. बॅट न फिरवता नुसती आडवी धरली असती, चेंडू पुढ्यात टपकवला असता, तर हिट खिशात होती. नियमाच्या पुस्तकात त्याला मनाई नाही, न लिहिलेल्या नियमांत आहे. फलंदाजाने हळूच कुंपणाकडे पाहिलं.

"खबरदार!" कुंपणाबाहेरून लिरॉय गरजला. त्याच्या मिशीला मोहरी लागली होती. "बॅट फिरव! पूर्ण फिरव! आपण सेंट ऑटोचे आहोत!"

पोराने बॅट पूर्ण फिरवली. चेंडू उंच, सरळ उंच गेला. डॅरेलने मुखवटा फेकला, आभाळाकडे बघत दोनदा गिरकी घेतली, आणि जन्मात पहिल्यांदाच तोंड बंद ठेवून चेंडू झेलला.

मग जो गलका झाला तो काही विचारू नका. मार्लिसने मोहरीचं अख्खं भांडं उडवलं. सेंट ऑटोचे खेळाडू रांगेने येऊन गसला हात मिळवून गेले. आणि ऑर्व्हिल स्कार, चार गावांत खानदानी म्हणून नावाजलेला ऑर्व्हिल स्कार, याने बाकाशेजारची बॅट उचलली आणि आभाळात भिरकावली. ती गरगरत वर गेली. तो मान वर करून, कमरेवर हात ठेवून, ती डोळे भरून पाहत राहिला.

सगळं मैदान त्याच्याकडे बघू लागलं. गस पुढे आला. त्याच्या नाकाला अजून दाराचा रंग लागला होता.

"मार्लिस," तो नम्रपणे म्हणाला, "तुम्ही त्यांना सांगा, असं करणं शोभत नाही."

"ऑर्व्हिल, गस म्हणतोय, असं करणं..."

"ऐकलं मी!" ऑर्व्हिल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "माझ्याशी बोल ना सरळ. तोंड नाही का तुला?"

"आहे. पण दोन वर्षं इनिंग चालू होती ना."

ऑर्व्हिलने त्याला कवेत घेतलं. "नो-हिटर टाकलास, गस," तो म्हणाला. "आपल्या मैदानावर. आपल्या पोराने." आणि मग नाव घ्यायची मोकळीक मिळाली म्हणून त्याने तो शब्द आणखी चार-पाच वेळा म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशी सासरे-जावई हातोडी घेऊन दार बसवायला गेले. दाराजवळ डॅरेल पहारा देत उभा होता. "हात लावू नका, कोच," तो म्हणाला. "काल शेवटचा चेंडू झेलला तेव्हा जे जसं होतं ते तसंच ठेवायचं असतं. नाहीतर पुन्हा कधी होणार नाही. नियम तुमचाच आहे." ऑर्व्हिलने गसकडे पाहिलं, गसने ऑर्व्हिलकडे. हातोडी परत गेली.

त्याला तीन उन्हाळे झाले. एल्मविकच्या संडासाला अजून दार नाही. आत जाणारा मोठ्याने गाणं म्हणतो, बाहेरचा मक्याकडे बघतो. परवा पाहुण्या संघाचा एक नवा खेळाडू ऑर्व्हिलकडे तक्रार घेऊन आला. "हा काय प्रकार आहे? आणि आत बसून गायचं, हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही," ऑर्व्हिल अभिमानाने म्हणाला. "गस, याला आपलं एखादं गाणं शिकव रे."