विजयमालाबाई मागे वळून का पाहतात

१९७१ च्या फेब्रुवारीत नांदरवाडीच्या बाजारतळावर तंबू टॉकीज लागले आणि त्यात एक वाईट चित्रपट आला. चित्रपटाचे नाव इथे देता येत नाही, कारण ते उच्चारण्यास आमच्या समितीने ठराव करून मनाई केली आहे. कथा थोडक्यात अशी, की एक तरुण एका तरुणीच्या मागे लागतो. ती घर बदलते, तो तिथे हजर. ती गाव बदलते, तो तिथेही हजर. मध्ये एक खून होतो. खुनी कोण हे शेवटी कळते, आणि तोवर प्रेक्षक त्या तरुणाच्या बाजूचे झालेले असतात.

अशा चित्रपटाने गावातील पोरे बिघडणार हे उघड होते. म्हणून सेवा सोसायटीचे माजी चेअरमन आप्पासाहेब गुंजाळ यांच्या अध्यक्षतेखाली ‘चित्रपट दुष्परिणाम निवारण समिती’ स्थापन झाली. सभासद सात. मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. अक्षर बरे म्हणून मला चिटणीस केले. न पाहता निषेध करणे न्यायाला धरून होणार नाही, म्हणून समितीने चित्रपट पाहिला. तरुणाचा हेतू तिसऱ्या रिळात वाईट झाला की पाचव्या, यावर मतभेद झाल्याने पुन्हा पाहिला. असा एकूण सहा वेळा पाहिला.

अडचण एवढीच होती की दुष्परिणाम सापडेना. तहसीलदारांकडे अर्ज करायचा तर उदाहरण जोडावे लागते. आम्ही डोळ्यांत तेल घालून शोधत होतो, पण चित्रपट पाहून आलेली पोरे सरळ घरी जाऊन भाकरी खात होती.

याच सुमारास कन्याशाळेच्या शिक्षिका विजयमालाबाई वाकचौरे पोलीस चौकीत गेल्या. बाई अकोल्याकडच्या, एकट्या. साळूबाईच्या घरी एक खोली भाड्याने घेऊन राहत. त्यांची तक्रार श्रीमंत नावाच्या माणसाविरुद्ध होती. श्रीमंत कांद्याच्या वखारीत मापाडी होता, आणि शाळा सुटली की वीस पावलांवरून, सायकल हातात धरून, बाईंच्या मागे त्यांच्या दारापर्यंत येत असे.

हवालदार सूर्यभान यांनी रीतसर विचारपूस केली. “काय बोलतो का?”

“नाही.”

“हात-बीत लावला?”

“नाही.”

“मंग बाई, रस्ता सरकारी हाय. त्याला बी चालायचा हक्क हाय.”

“तो चालत नाही, हवालदारसाहेब. मी चालते तेवढंच तो चालतो. मी थांबले की थांबतो. मला शाळेतून घरी एकटीनं जायचंय, एवढंच मागणं आहे.”

असे मागणे नोंदवायला चौकीत रकाना नव्हता. हवालदारांनी विचार करून बाईंना आमच्याकडे पाठवले. “ह्यो पिच्चरचा मामला दिसतो,” असे ते म्हणाले.

समितीला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. आप्पासाहेबांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. परस्त्रीच्या तोंडाकडे पाहणे बरे नव्हे, म्हणून सातही जणांनी नजर जमिनीवर ठेवली आणि कामकाज सुरू झाले.

“बाई, अगदी वेळेवर आलात. कधीपासून चाललंय हे?”

“दिवाळीपासून.”

आप्पासाहेब जमिनीला म्हणाले, “दिवाळीपासून कसं चालेल? पिच्चर आत्ता आलाय. तारीख जरा अलीकडं घ्या. सोळा फेब्रुवारी घ्या.”

“मग आधीचे साडेतीन महिने मी कुठं घालू?”

बाईंनी तारीख बदलली नाही. शेवटी समितीने असे नमूद केले की चित्रपट इतका घातक आहे, की त्याचा दुष्परिणाम तो येण्याच्या साडेतीन महिने आधीपासूनच सुरू झाला.

तोंडी तक्रारीवर तहसीलदार विश्वास ठेवत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्ष पाहणी करणे आले. दोन सभासदांनी रोज शाळेपासून मागे चालावे असे ठरले. सभासदांच्या वर्तणुकीबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून त्यांच्या मागे हवालदार. आणि हे सगळे लिहून घ्यायचे म्हणून हवालदारांच्या मागे मी. अशा रीतीने पुढे बाई, मागे सायकल आणि त्यामागे आम्ही, असे रोज पाच वाजता निघू लागलो. दुकानदार उठून उभे राहत.

तिसऱ्या दिवशी बाई ओढ्याकडच्या बोळात शिरल्या आणि समिती चुकली. शोधत शोधत आम्ही साळूबाईच्या दाराशी पोचलो, तर श्रीमंत तिथे आधीच उभा होता. आप्पासाहेबांनी त्याला बोलावून घेतले, आणि त्याने नम्रपणे खिशातून एक वही काढली.

मी जन्मात अशी वही पाहिली नाही. तांबडा समास, एक खाडाखोड नाही. ‘११ नोव्हेंबर. शाळा सुटली ५.०५. पुलावर बसल्या. शेंगा खाल्ल्या. १२ मिनिटे.’ ‘२ डिसेंबर. पुलावर बसणे बंद. कारण समजले नाही.’ ‘८ जानेवारी. मागे वळून पाहिले, ११ वेळा. आशा वाटते.’

“बघा,” आप्पासाहेब माझ्याकडे पाहत म्हणाले, “याला म्हणतात दप्तर.”

पुराव्यासाठी ती वही हवी होती, आणि वही पुढे चालू राहायची तर श्रीमंतही चालू राहायला हवा होता. एकमताने त्याची मानद निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. दंडाला बांधायला हिरवी पट्टी दिली. बाई पुन्हा चौकीत गेल्या तेव्हा हवालदार कळवळून म्हणाले, “आता मी काय करू? तो आता कामावर हाय.”

आठ जानेवारीच्या नोंदीवर मात्र समितीत दोन बैठका वाद झाला. बाई मागे वळून का पाहतात? एक सभासद म्हणाले, भीतीने. आप्पासाहेबांना ते पटेना. “भ्यालेला माणूस पुढं बघून पळतो. मागं बघते म्हणजे कायतरी आहे.” अखेर बाईंनाच बोलावले. नजरा पुन्हा जमिनीवर गेल्या.

बाई म्हणाल्या, “तुम्ही सगळे किती जवळ आलात, ते बघते.”

मी ते वाक्य इतिवृत्तात लिहिले. विषयाला सोडून आहे म्हणून आप्पासाहेबांनी ते कापायला लावले. कापताना मला लाज वाटली हे कबूल करतो. इतिवृत्तात तिची नोंद नाही.

मार्चमध्ये शाळेच्या मंडळाने बाईंकडून खुलासा मागवला. एका शिक्षिकेच्या मागे रोज एवढी माणसे, त्यात एक सरकारी, याने शाळेची अब्रू जाते. खुलासा समाधानकारक वाटला नाही आणि बाईंची बदली भंडारदऱ्याकडच्या एका डोंगरातल्या शाळेवर झाली. तक्रारीचे निवारण झाल्याची नोंद समितीने टाळ्यांच्या गजरात केली.

सोमवारी सकाळी दहाच्या एस.टी.ला आम्ही हार घेऊन गेलो. बाई खिडकीशी बसल्या होत्या, ट्रंक टपावर चढली होती. तेवढ्यात त्यांना दिसले की टपावर एक सायकलही बांधली जात आहे. बदलीनंतर पाठलाग थांबतो की नाही, याचा अखेरचा अहवाल श्रीमंतकडे सोपवलेला होता.

पुढचे सगळे मला मागाहून कळले. बाई उठल्या, कंडक्टरला म्हणाल्या, डबा विसरला, आणि खाली उतरल्या. आम्ही हार धरून उभे होतो, त्या आमच्या समोरून चालत आल्या. सातही जणांच्या मधून गेल्या. कोणीही ओळखले नाही, कारण आम्ही बाईंना फक्त पाठमोरे पाहिले होते. आप्पासाहेबांनी तर वाट द्यायला बाजूला सरकून “या बाई” असेही म्हटले. एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत आम्ही हात हलवत होतो. पुढच्या बाकावर बाईंसारख्याच फिक्या निळ्या पातळातली कोणी दुसरीच बाई होती. तिची पाठ पाहत श्रीमंत निर्धास्त बसला होता, आणि घाट लागेपर्यंत त्याने तीन नोंदीही केल्या.

विजयमालाबाई डोंगरातल्या शाळेवर गेल्याच नाहीत. नोकरीचा राजीनामा टपालाने आला, त्यावर पत्ता नव्हता. सहा वर्षांची नोकरी होती.

साळूबाईला सगळे ठाऊक आहे. समिती तिच्या ओट्यावर जाऊन बसली.

“बाई कुठं गेल्या?” आप्पासाहेबांनी विचारले.

“तुमाला कशापायी पायजेल?”

“अहवाल पुरा करायचाय.”

“मंग नका करू पुरा,” साळूबाई म्हणाली आणि शेंगा निवडत राहिली.

त्यामुळे अहवालाचे शेवटचे पान आजही कोरे आहे. बाई कुठे गेल्या, दुसरी नोकरी मिळाली का, आता कुठल्या पुलावर बसतात, हे वाचकांनाही जाणून घ्यावेसे वाटत असेल. अशांनी समितीकडे अर्ज करावा, दोन जागा रिकाम्या आहेत. अर्जात सायकल आहे की नाही ते लिहावे. अनुभवाची अट नाही. बाईंच्या मागे इथपर्यंत आलात, तेवढा पुरे.