राजकन्येचं पोट

कंबरपट्ट्याचा आकडा उडून तबलजीच्या चहात पडला, तेव्हा राजकन्या चंपावती उद्यानात फुलपाखरामागे धावत होती. ती जागच्या जागी थांबली. पेटीही थांबली. तबलजीने कपात बोट घालून आकडा काढला, धोतराला पुसला आणि राजकन्येच्या हातात ठेवला.

राजकन्या म्हणजे लोणावळा स्टेशनातले पार्सलबाबू गोपाळकृष्ण. त्या काळी गावात गणेशोत्सवात नाटक व्हायचं, आणि नाटकात नायिका म्हणून गोपाळकृष्णच असायचे. दिवसभर आंब्याच्या करंड्या आणि साहेबलोकांच्या ट्रंका मोजणारा हा गृहस्थ रात्री शालू नेसून उभा राहिला की भल्याभल्यांची गाळण उडे. त्यांची नेसण बघून गावातल्या बायका नेसायला शिकल्या होत्या. हळदीकुंकवाला त्यांच्या बायकोला, वासंतीला, कुणीतरी हमखास विचारायचंच, "तुमच्या यजमानांनी निऱ्या कशा हो घेतल्या होत्या?"

पण आता यजमानांनी पस्तिशी ओलांडली होती. गाल अजून गोल होते, दंड भरलेले होते, मान सुरेख होती. फक्त मध्ये एक पोट आलं होतं.

नाटकाचे लेखक, दिग्दर्शक आणि मंडळाचे चिटणीस एकच होते: शाळेतले संस्कृतचे दीनानाथमास्तर. त्यांनी तालीम थांबवून राजकन्येला समोर उभं केलं आणि भोवती एक प्रदक्षिणा घातली.

"गोपाळकृष्णा, दुसऱ्या अंकात राजपुत्र तुला 'हे सिंहकटी' म्हणतो. सिंह कुठे आहे?"

"सर, मी ते ओढून धरीन."

"श्वास ओढून पद कसं म्हणशील? हे बघ, गणपतीपर्यंत पोट उतरव. पण फक्त पोट! गालाला हात लावायचा नाही. दंड जसेच्या तसे राहिले पाहिजेत. माझं सगळं नाटक तुझ्या गालांवर उभं आहे. जमत नसेल तर तळेगावच्या मंडळातला एक कोवळा कारकून बघून ठेवलाय मी."

हे शेवटचं वाक्य गोपाळकृष्णांच्या वर्मी लागलं. पार्सलबाबू कुणीही होऊ शकतो. पण चंपावती?

दुसऱ्याच दिवशी त्यांनी भिमाजीला गाठलं. भिमाजी शेजारच्या तुंगार्ली गावचा. एके काळचा पैलवान, आता म्हशी राखून बंगल्यांना दूध घालायचा. त्याने गोपाळकृष्णांच्या पोटात दोन बोटं खुपसली आणि म्हशीच्या बाजारात मान हलवतात तशी मान हलवली.

"निसतं पोटच पायजे? मग सोपं हाय की, पार्सलबाबू. शरीर म्हंजी घर. ज्या खोलीत झाडू मारशीला तीच खोली साफ व्हनार. निसत्या पोटाला घाम काढायचा, बाकीच्याला सुट्टी."

"गाल राहतील ना?"

"गालाला कुनी हात लावलाय?"

वासंती ओसरीवर दुधाचं पातेलं घेऊन उभी होती. तिने हे सगळं ऐकलं आणि पातेलं खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले.

"भिमाजीभाऊ, लग्न झाल्यापासून मी उजव्या हातानं पोळ्या लाटतेय. हा उजवा, हा डावा. यातला झिजलेला कुठला ते सांगा."

भिमाजीने दोन्ही दंड लांबूनच, मर्यादा राखून पाहिले. त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं. तो म्हणाला, "वयनी, लाटन्याचं येगळं हाय. त्यात घाम कपाळाला येतो."

एवढ्या स्पष्टीकरणाने गोपाळकृष्णांचं पूर्ण समाधान झालं.

मग रोज सकाळी दूध घालून झालं की भिमाजी यायचा. गोपाळकृष्णांनी उताणं पडायचं, पाय खाटेखाली अडकवायचे आणि अंगठ्याला नाक लागेपर्यंत उठायचं. नाक गुडघ्यापर्यंतही जाईना, कारण वाटेत पोट होतं. मग पाय वर करून हवेत सायकल चालवायची. मग भिमाजी लाटणं घेऊन पोटावरून फिरवायचा. ते लाटणं वासंतीने त्या दिवसापासून स्वयंपाकघरात घेतलं नाही, नवीन आणवलं.

फरक पडेना, तसा गोपाळकृष्णांनी स्टेशनवरही व्यायाम चालू केला. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते पार्सलच्या खोलीत टेबलावर दोन्ही हात रोवून ओणवे व्हायचे आणि श्वास सोडून पोट आत खेचून धरायचे. एकदा आपली ट्रंक सोडवायला आलेल्या एका पारशीणबाईंनी हा प्रकार पाहिला. तांबडंलाल तोंड, बाहेर आलेले डोळे, श्वासाचं नाव नाही. त्यांनी किंकाळी फोडली, दोन हमालांनी बाबूंना उचललं, आणि भानावर आणण्यासाठी बाईंनी स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर आख्खी सुरई रिकामी केली. व्यायामाच्या साऱ्या काळात गोपाळकृष्णांच्या पोटाला गारवा मिळाला तो तेवढाच.

श्रावण उजाडला. वजन उतरलं होतं यात शंका नव्हती. गालांना खळगे पडले. दंडांच्या शेवग्याच्या शेंगा झाल्या. मानेच्या शिरा मोजता येऊ लागल्या आणि डोळ्यांखाली काळं आलं. हे सगळं गेलं, आणि पोट मात्र होतं तिथेच होतं. उलट आजूबाजूची वस्ती उठून गेल्यामुळे ते आता लांबूनसुद्धा दिसायचं.

"अरे, मी तुला पोट काढायला सांगितलं होतं," दीनानाथमास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "तू पोट ठेवून बाकीचा गोपाळकृष्ण काढून टाकलास!"

"भिमाजी म्हणतो, शेवटी पोटाचाच नंबर आहे."

"तोवर तू राहशील का? राजकन्या आहे की दुष्काळातली गाय? बास झाला तो व्यायाम. आता गाल भरून आण."

"फक्त गाल?"

"फक्त गाल!"

तळेगावच्या कारकुनाने दरम्यान पुण्याच्या मंडळाचं बोलावणं घेतलं होतं, त्यामुळे मास्तरांपुढेही दुसरा इलाज नव्हता. गाल भरण्यासाठी त्यांनी स्वतःच्या घरून रोज साजूक तुपातला शिरा पाठवायला सुरुवात केली. तो एकदम गिळायचा नाही, गालात धरून हळूहळू विरघळवायचा, अशी सक्त ताकीद होती. गोपाळकृष्णांनी ताकीद अक्षरशः पाळली. शिरा बराच वेळ गालात थांबायचा. पण कितीही थांबला तरी शेवटी तो खालीच जायचा, आणि गेल्यावर कुठे राहायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"चालायचंच," वासंती म्हणाली. "पाहुणा ओळखीच्या घरीच उतरतो."

नाटकाचा दिवस उजाडला. मारुतीच्या देवळासमोरचा मांडव दिवेलागणीलाच भरला. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या सूं सूं करत होत्या. उजव्या हाताला बायकांची बाजू होती, आणि तिथे पहिल्याच रांगेत तुंगार्लीच्या बायका घेऊन झुंबरबाई बसली होती. झुंबरबाई सुईण होती. अर्धं लोणावळं तिच्या हातून जगात आलं होतं, त्यामुळे कुणाचंही वय, हुद्दा किंवा मिशा बघून ती बिचकत नसे.

पडदा वर गेला. चंपावती सख्यांबरोबर उद्यानात आली. कंबरपट्टा पाठीमागे नाडीने बांधला होता. धावायचं मास्तरांनी रद्द केलं होतं, म्हणून ती सावकाश, एक हात कमरेवर ठेवून चालत आली. खोल गेलेले गाल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हाडं वर आलेले हात, आणि पुढे ते पोट.

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली.

"आगं बया, पोटुशी हाय जनू."

"दिस भरत आल्यात की गं!"

सगळ्यांच्या नजरा झुंबरबाईकडे वळल्या. झुंबरबाईने डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि निकाल दिला, "सातवा सरलाय. आन खायाप्यायाचे हाल दिसत्यात पोरीचे."

तिथून पुढे नाटकं दोन झाली. एक दीनानाथमास्तरांनी लिहिलेलं, आणि दुसरं बायकांच्या बाजूला दिसत होतं ते. पहिल्या नाटकात चंपावती चंद्राकडे पाहून विरहाचं पद म्हणाली. दुसऱ्या नाटकात ती कळा सोसत होती. पद संपलं तेव्हा पाचसहा बायका पदराने डोळे पुसत होत्या. विंगेतून मास्तरांना ते दिसलं. आपल्या काव्याने बायका रडताहेत हे पाहून त्यांना भरून आलं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी राजपुत्राचा प्रवेश होता. राजपुत्राचं काम महिपती करायचा. तो इंजिनावर फायरमन होता. अंगाने उंच, आवाज शिट्टीसारखा. खलनायकाने कान भरल्यामुळे राजपुत्र राजकन्येवर संशय घेतो आणि तिला घोर अरण्यात सोडून जातो, असा तो प्रसंग होता.

"दूर हो, चंपावती!" महिपती गरजला. "माझा तुझा संबंध संपला! या अरण्यात वाघ तुला खावोत की लांडगे, मला त्याचं सोयरसुतक नाही!"

"आर्यपुत्र!" गोपाळकृष्णांनी बारीक आवाजात हंबरडा फोडला आणि ते त्याच्या पायांशी बसले. बसताना पोटाला सांभाळून, एक हात जमिनीला टेकवत बसावं लागलं. ते बसणं बघून तर सगळी बायकांची बाजू कळवळली.

पहिली भुईमुगाची शेंग महिपतीच्या मुकुटाला लागली. दुसरी कानावर. मग शेंगांचा सडा पडला, आणि त्यामागोमाग एक पायताण आलं.

"मुडद्या! ह्या दिसांत बाईला रानात सोडतुयास व्हय?"

"तुज्या आईनं असंच सोडलं आसतं तर?"

"पुढचं वाक्य घे! पुढचं!" मास्तर विंगेतून ओरडले. पुढचं वाक्य होतं, 'जा, कुलटे!' महिपतीने तोंड उघडलं, समोर पाहिलं आणि परत मिटलं.

एवढ्यात झुंबरबाई पदर खोचून मंचावर चढली. मागोमाग आणखी चौघीजणी आल्या. कुणी विंगेतला राजाचा लोड आणून चंपावतीच्या पाठीशी दिला, कुणी वारा घालू लागली. झुंबरबाई खाली बसली आणि तिने सरळ राजकन्येच्या पोटावर हात ठेवला. गोपाळकृष्ण आतून पार हादरले. ओरडावं तर आवाज पुरुषाचा निघणार, आणि इतक्या वर्षांत प्रेक्षकांसमोर त्यांनी तो एकदाही काढला नव्हता. ते डोळे मिटून पडून राहिले. झुंबरबाईने पोट इकडून तिकडून चाचपलं. क्षणभर तिच्या भुवया वर गेल्या. मग ती उठली आणि महिपतीपुढे जाऊन उभी राहिली.

"वाघ खावोत म्हनतोस? आँ? आता हितं, समद्या गावाम्होरं सांग. नांदवनार का न्हाई?"

महिपतीच्या हातात तलवार होती, पण लाकडाची. शिवाय त्याचा स्वतःचा जन्मही झुंबरबाईच्याच हातचा. त्याची भरजरी भाषा एका झटक्यात उतरली.

"नांदवतो, मावशी! आईच्यान नांदवतो!"

"हात धर तिचा."

महिपतीने चंपावतीचा हात धरून तिला उठवलं. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा ओढणाऱ्याला वाटलं, एवढ्या टाळ्या म्हणजे शेवटच असणार. त्याने पडदा टाकला.

नाटक पाच अंकी होतं. तीन अंक तसेच राहिले. खलनायक तोंडाला काळं फासून शेवटपर्यंत तिसऱ्या अंकातल्या आपल्या प्रवेशाची वाट बघत बसला होता. मास्तर आधी रडले, मग चिडले. पण लोक येऊन, "मास्तर, एवढा सुटसुटीत शेवट कधी बघितला नव्हता," असं म्हणत हात हातात घेऊ लागले, तसे हळूहळू शांत झाले. निघेपर्यंत तर, 'हा शेवट मनात होताच,' असं ते दोघातिघांना सांगून मोकळे झाले होते.

सकाळी गोपाळकृष्ण परसात दाढी करत बसले होते. उघडं अंग, अर्ध्या तोंडाला फेस, ओठावर काल न निघालेला थोडा लाल रंग. दाराशी बायकांचा आवाज आला. वासंतीने दार उघडलं तर झुंबरबाई तुंगार्लीच्या बायकांना घेऊन उभी. हातात ताट, ताटात खण, नारळ, तांदूळ आणि डिंकाचे लाडू.

"राजकन्या कुटं हाय?"

वासंतीने नुसतं परसाकडे बोट केलं. गोपाळकृष्ण वस्तरा हातात धरून उभे राहिले. लाजेने त्यांचे कान लाल झाले.

"मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय," ते आपल्या खऱ्या, जाड आवाजात म्हणाले. "मी... म्हणजे मी पुरुष आहे."

झुंबरबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आरं, मी सुईन हाय. हात लावल्या लावल्या कळलं मला."

"मग काल ते सगळं..."

"मग काय? बापय आसला म्हनून रानात सोडायचा व्हय?" तिने ताट पुढे केलं. "पदर धर."

गोपाळकृष्णांनी वासंतीकडे पाहिलं. वासंती दाराला टेकून, तोंडात पदर कोंबून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मदत मिळण्याची आशा नव्हती. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, खुंटीवरचं उपरणं घेतलं, आणि गावातल्या बायका ज्यांच्याकडून शिकल्या होत्या त्या सराईत हातांनी त्याची झोळी करून पोटापुढे धरली. झुंबरबाईने तांदूळ घातले, खण ठेवला आणि वर नारळ नि लाडू ठेवले.

"नीट धर, पोरी," ती म्हणाली. "फेस गळतुया लाडवावर."