परतीचे पुरावे

नकार यायच्या आदल्या संध्याकाळी छोटीच्या घरात सगळं नेहमीसारखं होतं, म्हणजे सगळे बसले होते आणि छोटी उभी होती. बैठकीच्या खोलीत मधोमध एक मोठी बॅग उघडी पडली होती आणि घरातला जो तो ती ओलांडताना आपापली एक मागणी तिच्यात टाकून जात होता.

"येताना मला तो गुडघ्याचा पट्टा आण," आत्या सोफ्यावरून म्हणाली. "तिकडचा चांगला असतो. इथला मेला घोट्यापर्यंत घसरतो."

"आणि येताना पोरांना बूट," वहिनी म्हणाली. "मापं देते तुला. पण तू येशील तोवर पाय वाढणार की. दोन मापं मोठेच आण."

दादाला येताना कॉफीचं यंत्र हवं होतं. बाबांना काही नको होतं. त्यांनी फक्त येताना सांभाळून ये असं सांगितलं. व्हिसा अजून आलेला नव्हता, पण घरादाराच्या हिशेबी छोटी जाऊन, शिकून, परत येऊन बॅगाही उघडून बसली होती. जाताना काय नेतेस, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बाबांच्या गोळ्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या अशा वेगळ्या करत होती आणि सगळ्यांना "बरं" म्हणत होती.

छोटी एकतीस वर्षांची होती. कानाच्या दवाखान्यात ती लोकांची ऐकण्याची तपासणी करायची. दिवसभर काचेच्या खोलीतल्या माणसाला "आवाज आला की बटण दाबा" असं सांगायची. घरी तिच्या आवाजाला बटण दाबणारं कुणी नव्हतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ती गेली त्या आठवड्यात, भेटायला येणाऱ्यांना चहा कुणी द्यायचा असा प्रश्न निघाला, आणि तो तेव्हापासून सुटलेलाच आहे. घराला आईची उणीव फारशी भासली नाही, कारण भासायच्या आत छोटीने ती भरून काढली. उणीव भासली ती छोटीला एकटीला, पण तिला तेवढा वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू जाण्याच्या बेतात असताना तिच्या फोनवर निरोप आला. तिने गॅस बंद केला, निरोप वाचला, आणि तिचे कान तापले. पैशांबद्दल तक्रार नव्हती, गुणांबद्दल नव्हती. एकच वाक्य होतं: शिक्षण संपल्यावर अर्जदार मायदेशी परत जाईल, याबद्दल आमचं समाधान झालेलं नाही.

तिला रडू यायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या खिशात हात घालताना कुणीतरी मनगट धरावं तसं तिला झालं. इतक्या वर्षांत तिला इतकं नेमकं कुणी ओळखलं नव्हतं, आणि ओळखलं ते दूरदेशीच्या, तिचं तोंडही न पाहिलेल्या एका साहेबाने.

"काय झालं गं? गॅस का बंद?" बाबा आत आले. तिने फोन पुढे केला. बाबांनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग सगळ्यांना बोलावून पुन्हा वाचलं.

बाबांची सारी हयात परवाना कार्यालयात गेली होती. लोकांचे अर्ज नाकारणं हे त्यांचं काम आणि ते त्यांनी मन लावून केलं होतं. त्यांच्या टेबलावरून अर्ज पहिल्या फटक्यात पुढे सरकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे पहिल्यांदा त्यांच्यातला कारकून बोलला.

"मसुदा चांगला आहे," ते म्हणाले. "पळवाट ठेवलेली नाही." आणि मग बाप जागा झाला. "पण परत येणार नाही म्हणजे काय? माझी मुलगी? परत येणार नाही? हा कोण टिकोजीराव लागून गेला?"

"साधं बाजारात गेली तरी दहा मिनिटांत परत येते ती," आत्या म्हणाली.

"बाबा, जाऊ द्या," छोटी म्हणाली. "बघू पुढच्या वर्षी."

"जाऊ दे कसं? हा प्रश्न तुझ्या शिक्षणाचा राहिलेला नाही आता. हा आपल्या घराच्या अब्रूचा प्रश्न आहे."

छोटीचं शिक्षण असं सकाळी साडेआठच्या सुमाराला बाजूला पडलं, ते पुन्हा कुणी उचललं नाही.

दुपारी सगळे मिळून व्हिसावाल्याकडे गेले. हा एका जिन्याखालच्या कार्यालयात बसणारा सल्लागार. त्याच्या भिंतीवर विमानतळावर हसणाऱ्या मुलांचे फोटो होते आणि नकार मिळालेल्या मुलांचे अर्थातच नव्हते.

"टेन्शन घेऊ नका काका," तो म्हणाला. "पुन्हा अर्ज टाकू. फक्त बंध दाखवायला लागतील. इथे मॅडमना ओढून आणेल असं काय आहे, ते कागदावर पाहिजे."

"बंध?" बाबा हसले. "अहो, आमच्याकडे दोरखंड आहेत."

"मग जमलंच. आणि लग्न ठरलेलं असलं तर सोन्याहून पिवळं. ठरलंय का?"

"ठरवू की," आत्या म्हणाली.

बाबांचं एक तत्त्व होतं. फाईल पातळ असली की साहेब वाचतो, जाड असली की सही करतो. सगळी नोकरी त्यांनी या तत्त्वावर काढली होती. जाड फाईल त्यांनी स्वतः कधी वाचली नव्हती. पहिला अर्ज पातळ होता, तिथेच माशी शिंकली होती. आता फाईल अशी करायची की ती उचलतानाच साहेबाच्या हाताला कळ लागली पाहिजे. छोटी परत का येईल, याचं निवेदन घरातल्या प्रत्येकाने द्यायचं ठरलं. हे सगळं टाईप कोण करणार, परक्या भाषेत कोण आणणार, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी छोटीकडे पाहिलं.

पहिलं निवेदन आत्याने सोफ्यावर आडवं होऊन सांगितलं. "लिही. माझे गुडघे, माझे डोळे, माझे दात, तिन्ही डॉक्टरांकडे हीच नेते. मला जिने चढवत नाहीत. ही नसली तर मी घरात पडून राहीन. सबब, ती येणारच."

"आत्या, गेल्या महिन्यात तू सहलीला जाऊन डोंगर चढून आलीस ना?"

"तो उतार होता. तू लिही गं."

दादाचं निवेदन अधिक रीतसर होतं. सर्व बिलं, सर्व पासवर्ड, गॅसचं बुकिंग आणि मुलांचा गृहपाठ बहिणीकडे असून तिच्यावाचून कुटुंबाचा कारभार ठप्प होईल. वहिनीने ते वाचलं आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"म्हणजे मी काय करते या घरात? साहेब काय म्हणेल मला?"

"अगं, ते कागदापुरतं आहे."

"कागदापुरतं असू दे नाहीतर कसंही. आणि डबे राहिलेत त्यात. सकाळचे डबे तीच करते, ते नको का यायला?"

ते आलं. मग बाबांना वाटलं की आत्याचं निवेदन आपल्यापेक्षा लांब झालं, तेव्हा त्यांनी आपलं पुन्हा सांगायला घेतलं. आत्याला ते कळलं, तिने आपल्या निवेदनात डोकेदुखी वाढवून घेतली. आठवडाभर घरात प्रत्येक जण छोटीवाचून आपलं किती अडतं याची दुसऱ्याशी बरोबरी करत होता, आणि ती चहा देता देता ते टाईप करत होती. तिने कुणाचं एक अक्षर गाळलं नाही. उलट आत्याचं बोलणं विस्कळीत होतं ते तिने नीटनेटकं केलं, दादाने विसरलेली विम्याची कामंही स्वतःहून भरली. प्रामाणिकपणाची सवय वाईट; स्वतःच्या गळ्याचा फाससुद्धा माणूस मापात विणतो.

घरचे झाल्यावर बाहेरचे आले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिहून दिलं की पाण्याचा पंप बिघडला तर काय करायचं हे इमारतीत फक्त छोटीला ठाऊक आहे. दवाखान्याच्या डॉक्टरांनी तिची खुर्ची रिकामी ठेवण्याचं कळवलं. पगाराबद्दल त्यांनी मौन पाळलं. बाबा स्वतः फॅमिली डॉक्टरांकडे गेले.

"माझं बीपी जरा वाढवून लिहा," ते म्हणाले. "मुलीच्या व्हिसासाठी पाहिजे."

"असं खोटं नाही लिहिता येत हो."

"थोडंसंच वाढवा. माणुसकी म्हणून!"

डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि पुन्हा गुंडाळला. "खोटं लिहायची गरज नाही," ते म्हणाले. "कसला एवढा त्रास करून घेताय?"

"त्या साहेबाचा," बाबा म्हणाले, आणि खरं सर्टिफिकेट घेऊन अत्यंत आनंदात घरी आले.

राहिलं होतं लग्न. आत्याने दोन दिवसांत स्थळ आणलं. औषधांच्या दुकानाचा मालक, मागे कुणी नाही, पुढे टक्कल. तो आला तेव्हा छोटी दवाखान्यात होती, पण त्याने अडवून धरलं नाही. "मी वाट पाहायला तयार आहे" असं त्याने दुकानाच्या कागदावर लिहून दिलं आणि खाली शिक्का मारला.

छोटी घरी आल्यावर तिने तो कागद हातात घेतला. "हे नाही जोडायचं," ती म्हणाली.

"अगं, नुसतं दाखवायला," आत्या म्हणाली. "करायचं का नाही ते मग बघू."

"मी त्या माणसाला पाहिलेलंही नाही."

"त्यानं तरी कुठे पाहिलंय तुला? त्याची तक्रार आहे का काही?"

"बाबा, तुम्ही तरी सांगा."

बाबा शिक्क्याकडे पाहत होते. चांगला उमटलेला शिक्का पाहिला की त्यांना कशालाच नाही म्हणवत नसे. "राहू दे गं," ते म्हणाले. "फाईलला वजन येतं."

तिने कागद फाईलला जोडला. परदेशी जायचं तर एवढं एक पोटात घालू, मग विमान सुटलं की सुटलं, असा तिने विचार केला. फाईल गेली. ती इतकी जाड झाली होती की व्हिसावाल्याने तिचे दोन भाग केले आणि बाबांनी तिच्यासोबत स्वतःचा मोबाईलवर फोटो काढून घेतला.

उत्तर आलं तेव्हा रविवार होता आणि सगळे घरात होते. छोटीने फोन उघडला. या वेळी एक वाक्य नव्हतं, चांगलं पानभर होतं, कारण घात असा झाला होता की तिकडच्या साहेबाने फाईल वाचली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत. आत्याचे गुडघे, दादाचे पासवर्ड, सकाळचे डबे, बाबांचं बीपी, इमारतीचा पंप, वाट पाहणारा दुकानदार, सगळ्यांची त्याने नावानिशी दखल घेतली होती. आणि खाली लिहिलं होतं: इतक्या माणसांचं दैनंदिन जीवन अर्जदारावर अवलंबून असताना ती अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत घराबाहेर राहू शकेल, यावर आमचा विश्वास बसत नाही. सबब, तिचा शिक्षणाचा हेतू खरा मानता येत नाही.

छोटीने ते मोठ्याने वाचलं.

"म्हणजे," दादा म्हणाला, "आधी म्हणे ही परत येणार नाही, आणि आता म्हणे ही जाणारच नाही?"

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले. तिने वाचलं. बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत गेला. "पण म्हणजे त्यांना पटलं! पटलं की नाही? ही घर सोडून राहू शकत नाही, हे सरकारनं लेखी दिलं. याला म्हणतात फाईल!"

"मी म्हणतच होते," आत्या म्हणाली. "माझ्या गुडघ्यांचं पहिल्यांदा आलंय बघ."

"डबे पण आले," वहिनी म्हणाली.

हळूहळू खोलीत एक समाधान भरत गेलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पावसात अडकलेलं माणूस घरी आल्यावर घर जसं सैल होतं, तसं ते घर सैल झालं. दादाने पाय लांब केले. वहिनीने डब्यांसाठी बाई बघितली होती, तिला नको सांगायला हवं असं तिला आठवलं, आणि तिने लगेच फोन लावला. आत्याने त्या दुकानदाराला काय कळवायचं असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता "हो म्हणते" असं म्हणाली. बॅग मध्येच पडली होती, ती दादाने पायाने भिंतीकडे सरकवली.

छोटी उभी होती. आई असती तर या खोलीत दोन बायका उभ्या असत्या, एवढंच तिच्या मनात आलं. आई सगळं आयुष्य असंच उभ्याउभ्या "बरं" म्हणत राहिली होती, आणि एके दिवशी बसायला सवड मिळाली तर ती दवाखान्याच्या खाटेवर.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं," बाबा प्रेमाने म्हणाले. "शिक्षण काय, इथेही होतं. या दुसऱ्या साहेबाला माणसाची पारख आहे. तो पहिला गाढव होता. म्हणे परत येणार नाही! कागद बघून माणूस ओळखता येतो का? बरं, चहा टाक थोडा. सगळ्यांनाच टाक."

छोटी स्वयंपाकघराकडे वळली नाही. ती बॅगेजवळ गेली, बॅग उचलून भिंतीपासून पुन्हा खोलीच्या मधोमध आणली आणि आत्याच्या पायांशेजारी सोफ्यावर टेकली. इतकी वर्षं कुणी तिला त्या सोफ्यावर पाहिलं नव्हतं. आत्याने गोंधळून पाय जवळ घेतले.

"चहा?" बाबा म्हणाले.

"बाबा, तो पहिला साहेब गाढव नव्हता," छोटी म्हणाली. "मी परत येणार नव्हते."