मामांना खाली ठेवताना

रविवारी सकाळी सासऱ्यांना टीव्हीसमोर बसवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. माझा हेतू चांगला होता. (माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे चांगल्या हेतूनं सुरू झालेत. वाईट हेतू ठेवायला लागणारी अक्कल मला नाही.)

ही १९९५ सालची गोष्ट. मी बेलापूरला एका सरकारी कचेरीत क्लार्क, राहायला कोपरखैरण्यात, दुसऱ्या मजल्यावर. वजन चौपन्न किलो, खिशात किल्ल्यांचा जुडगा असेल तर. बोनकोडे गावातल्या एका माणसानं आमच्या भागात केबल टाकली आणि तिच्यातून परदेशी कुस्ती माझ्या घरात शिरली. चमकत्या चड्ड्या, दंडावर गोंदणं, कमरेला ताटाएवढा पट्टा. मी पहिल्याच रविवारी फिदा झालो. कारण उघड होतं. आमच्या ऑफिसात उचलून आपटावीत अशी निदान सात माणसं होती आणि तीन वर्षांत मी एकालाही साधं मोठ्यानं बोललो नव्हतो.

पण हल्ली या कुस्तीचं काही खरं राहिलं नव्हतं, असं माझं ठाम मत झालं होतं. पूर्वी दहा मिनिटं कुस्ती आणि एक मिनिट भाषण असे. आता पैलवान माईक सोडायलाच तयार नव्हते. पट्टा पंधरवड्याला मालक बदलायचा. खुर्ची बसायला असते हे सगळे विसरले होते. आणि पंच नेमक्या मोक्याच्या क्षणी पाठ फिरवून उभा. (हे मात्र आमच्या सेक्शनमध्येही तसंच होतं, म्हणून फार टोचत नसे.) ही मतं मी घरात नियमित मांडत असे आणि माझी बायको वैष्णवी ती गवार मोडत ऐकत असे.

"तुम्ही आबांशी बोला," ती एकदा म्हणाली. "त्यांना कळतं कुस्तीतलं."

आबा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे मानसिंगमामा. ऐन उमेदीत कोरेगाव तालुक्यातले नामी पैलवान, नंतर आमच्या इकडच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, आणि आता निवृत्त होऊन गावी. त्यांची एक कुस्ती वैष्णवीच्या घरात पूजेसारखी जपलेली होती. जत्रेच्या फडात त्यांनी पोपट नावाच्या भल्या दांडग्या पैलवानाला आस्मान दाखवलं, आणि मुलगा बघायला आलेल्या वेणूबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, वडिलांनी तिथंच, फडातच, सोयरीक पक्की केली. ही गोष्ट मी लग्नाच्या आधी दोनदा आणि नंतर न मोजता ऐकली होती.

तर हे मामा आणि मामी त्या वर्षी आमच्याकडे आले. मामांचे उरलेसुरले दात काढले होते आणि कवळी मिळेपर्यंत पंधरा दिवस थांबायचं होतं. मला वाटलं, आयता जाणकार घरात आलाय, त्याला माझी कुस्ती दाखवू.

वैष्णवी आणि मामी भाजीला गेल्या होत्या. पडद्यावर 'बुलडोझर' नावाचा डोंगर आणि 'कोब्रा' नावाचा दुसरा डोंगर एकमेकांवर कोसळत होते. मामा मांडी घालून वीस मिनिटं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पावणं, ह्यातलं कोन जितनार ते कोन ठरवतं?"

"पंच."

"त्याच्या आदी?"

"आधी कसं ठरेल मामा?"

मामा माझ्याकडे इतक्या मायेनं बघून हसले की मला कसंतरीच झालं. "नुरा हाय ही," ते म्हणाले. "ठरवून खेळल्याली. त्याचा गुडघा बगा. उचलून घ्यायच्या आदी वाकतोय. ह्यो उडी मारतोय, म्हनून त्यो उचलतोय."

मला राग आला. हे सगळं थोडंफार खोटं असेल, अशी शंका मलाही अधूनमधून येई. पण आपल्या मनातली शंका दुसऱ्यानं बोलून दाखवली की ती अपमान वाटते. मी म्हणालो, "मामा, भाषणं खोटी असतील. पण एवढा माणूस डोक्यावर उचलणं? ते खोटं कसं करणार?"

"उठा," मामा म्हणाले. "मला उचला."

मामा अडुसष्ट वर्षांचे होते आणि ऐंशी किलोचे. मी गादी जमिनीवर ओढली, बनियनवर आलो, त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि जोर लावला. सोसायटीची पाण्याची टाकी उचलल्यासारखं वाटलं. मामा शांतपणे पंख्याकडे बघत होते.

"बगितलंसा? आता मी उडी मारतो. तुमी फक्त खांदा द्या."

त्यांनी गुडघे वाकवले, आणि काय झालं मला आजही नीट सांगता येत नाही, पण मामा अलगद वर आले आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर आडवे विसावले. समोर कपाटाचा आरसा होता. त्यात मी होतो, आणि माझ्या खांद्यावर एक आख्खा पैलवान होता. चार-पाच सेकंद मी जग जिंकलं. बुलडोझर काय, कोब्रा काय! सोमवारी ऑफिसात कुणाकुणापासून सुरुवात करायची, तेसुद्धा मी ठरवलं.

मग लक्षात आलं की त्यांनी मला उचलायचं शिकवलं होतं, ठेवायचं राहिलं होतं.

"मामा, आता?"

"आता हळू बसा."

मी हळू बसायला गेलो आणि कमरेत कुणीतरी सुरी खुपसली. "आई गं! मामा, उतरा!"

"हलू नका! मान मोडंल!"

मी हललो. आम्ही दोघंही पुढे चाललो, गादी मागे राहिली. आणि त्या पडण्यात, अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसानं हवेतल्या हवेत अंग फिरवलं, मला वर घेतलं, स्वतः खाली झाले आणि पसरलेला हात फाडकन् फरशीवर मारला. आवाज असा झाला की शेजारच्या इमारतीतली कुत्री भुंकली. मला खरचटलंसुद्धा नाही. कमर मात्र आधीच गेली होती, त्यामुळे मी त्यांच्या छातीवर जसा पडलो तसाच राहिलो.

दार उघडंच होतं. अर्ध्या मिनिटात खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदर प्रधान, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, हातात कप घेऊन दारात. कपात चहा आणि चहात त्यांच्या छताचं प्लॅस्टर.

"सयाजीराव!" ते किंचाळले. "वडीलधाऱ्या माणसाला? छातीवर बसून?"

"बसलो नाहीये, मला उठता येत नाहीये!"

"दात! दात पाडलेत तुम्ही त्यांचे!"

"ते आधीच काढलेत!"

"आधीपासून चालू आहे का हे?"

मामा खालून काहीतरी समजावत होते, पण दात नसताना, छातीवर जावई असताना माणूस किती स्पष्ट बोलणार? प्रधानांना त्यातलं 'मारतो' एवढंच कळलं. तेवढ्यात वैष्णवी आणि मामी भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या.

वैष्णवीनं पिशवी टाकली. प्रधानांनी बाजूला सरकायला सांगितलं तरी ती ऐकेना. मला ढकलून तिनं वडिलांचं डोकं मांडीवर घेतलं. (मी भाजीशेजारी जाऊन पडलो.) "आबांना आजवर कुणी पाडलं नव्हतं हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "कुणी म्हणजे कुणी नाही. आणि तुम्ही..."

मामा उठून बसले. हात लाल झाला होता, बाकी धडधाकट होते. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"पाडलं न्हाई त्यांनी. मी पडलो," ते म्हणाले. मग लाल हात चोळत हळूच म्हणाले, "पोपट पडला व्हता, तसा."

कुणाला काही कळलं नाही. मग मामांनी सांगितलं. ती जत्रेतली कुस्ती ठरवलेली होती. पोपट त्यांच्याच तालमीतला दोस्त, त्यांच्यापेक्षा जोरात उजवा. वेणूबाईंचे वडील येणार म्हटल्यावर मामांनी आदल्या दिवशी त्याच्यापुढे हात जोडले, आणि तो पडला. "पुढं त्याला चांगली जोड मिळंना. हरल्याल्या गड्याला कोन इचारतंय? मार्केटात आमी इतकी वर्सं एका टोळीत पोती व्हायली. मी एकदा बी त्याच्याजवळ तो इषय काडला न्हाई. आन घरी मात्र रुबाबात सांगत ऱ्हायलो." मग बायकोकडे न बघता म्हणाले, "तुला फसवलं मी, वेणू."

वेणूमामी सांडलेल्या मिरच्या गोळा करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मला ठावं हाय की."

"काय?"

"पोपटभावजींनीच सांगितलं. हळदीच्या दिशी."

मामांचं तोंड उघडं राहिलं. "मंग छत्तीस वर्सं बोलली न्हाईस?"

"तुमी येवढ्या हौसेनं सांगत व्हता. मी ऐकत व्हते." मिरच्या पिशवीत गेल्या. "आन माझ्या बाला पैलवान पायजे व्हता. मला कुटं पायजे व्हता?"

प्रधान प्लॅस्टरचा चहा घेऊन पाय न वाजवता खाली गेले.

त्या दिवसानंतर मामा गप्प झाले. जेवताना गप्प, फिरताना गप्प. वैष्णवीही गप्प होती. लहानपणापासून उराशी धरलेली गोष्ट अशी फरशीवर फुटल्यावर काय बोलायचं? मी पाठीला पट्टा बांधून पलंगावर उताणा पडलो होतो. (कमरेला पट्टा बांधायची माझी इच्छा होतीच, फक्त तो चामड्याचा आणि सोन्याचं पाणी दिलेला असेल असं वाटलं होतं.) उताणं पडलं की विचार करण्यावाचून इलाज नसतो. मी विचार केला की छत्तीस वर्षं एकच गोष्ट पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची, यालाही केवढी ताकद लागत असेल.

गुरुवारी मामा म्हणाले, "पावणं, तुर्भ्याला जायचं. पोपटाकडं. येकट्याला धीर हुईना."

रिक्षानं गेलो. वाटेत ट्रकांनी खणलेला प्रत्येक खड्डा माझ्या कमरेनं वेगळा ओळखला. पोपटराव मुलाकडे राहत होते. वाळलेले, उंच, दाराशी खाटेवर बसून लसूण सोलत होते. मामा त्यांच्यापुढे उभे राहिले आणि शाळकरी पोरासारखं घडाघडा बोलले. "पोपट, त्या कुस्तीनं तुझं नुकसान झालं. माझ्यापायी तुझं नाव गेलं. मी कदी इचारलं न्हाई. चुकलं माझं."

पोपटरावांनी लसूण बाजूला ठेवला. "येडा का काय, मान्या? कुस्ती मी सोडली. तालमीत भल्या पहाटे उठाय लागायचं. मला उठायचा कंटाळा."

मामा खाटेवर बसले. इतकी वर्षं वाहिलेलं ओझं असं दोन वाक्यांत उतरलं, तर हलकं वाटावं की फसल्यासारखं वाटावं, हे त्यांना ठरवता येईना.

"मंग वेणूला का सांगितलंस?"

पोपटराव पहिल्यांदाच ओशाळले. "राहवंना. तू इचार कर. समदा फड बघतोय. तुजा सासरा, जानता मानूस, हाताच्या अंतरावर बसल्याला. आन मी असा पडलो, असा पडलो, की येकाला बी शंका आली न्हाई! तुला खांद्यावर घेतलं लोकांनी. फेटा तुला, नारळ तुला. मंग मी काय म्हनू? माझं ते पडनं कुनी तरी जानाय नको?"

मामांनी लसणाची एक पाकळी उचलून सोलायला घेतली. मग म्हणाले, "झ्याक पडला व्हतास, पोपट."

पोपटरावांनी मान खाली घातली. छत्तीस वर्षांनी मिळालेली दाद पचवायला त्यांना थोडा वेळ लागला. मी भिंतीकडे बघत होतो. (कमरेमुळे मला वळता येत नव्हतं, पण वळता आलं असतं तरी मी तिकडेच बघितलं असतं.)

पुढच्या रविवारी मामांनी पोपटरावांना घरी आणलं. वैष्णवीनं त्यांच्या पाया पडून म्हटलं, "काका, तुम्ही पडलात म्हणून मी आहे," आणि ते इतके गोंधळले की त्यांनी तिला 'अखंड सौभाग्यवती' ऐवजी 'यशस्वी हो' असा आशीर्वाद दिला. मग दोघं म्हातारे टीव्हीसमोर बसले.

"ह्याला पडता येत न्हाई," पोपटरावांनी दोन मिनिटांत निकाल दिला. "पडायच्या आदी मागं बघतोय. मागं बघितलं की समद्यास्नी कळतं."

"त्यो दुसरा बरा हाय."

"हां. त्यो इस्वासानं पडतोय."

त्या दिवसापासून माझी कुस्ती बघायची रीत बदलली. पट्टेवाल्याकडे माझं लक्षच जाईना. मी पडणाऱ्याकडे बघू लागलो. दीडशे किलोचा माणूस दुसऱ्याच्या भरवशावर हवेत जातो, त्याला वर उचलणारा मोठा दिसावा म्हणून पाठ शेकून घेतो, आणि गर्दी त्याचीच हुर्यो उडवते. या धंद्याचं जे काही बिघडलं होतं, ते पोपटरावांच्या मते एवढंच होतं, की सगळ्यांना जिंकायचं होतं आणि नीट पडायला कुणी तयार नव्हतं. मला हे पटलं. ऑफिसातली ती सात माणसंही मला मनातल्या मनात उभीच बरी वाटू लागली.

सोमवारी कामावर रुजू व्हायचं म्हणून मी डॉक्टर सुमेधांकडे सर्टिफिकेट आणायला गेलो. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "कुस्ती खेळताना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सयाजीराव, हे तुमच्या ऑफिसात वाचतील. पटेल असं काहीतरी सांगा." आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी लिहिलं : 'झोपेत पलंगावरून पडल्यामुळे.'

साहेबांनी ते सर्टिफिकेट वाचलं, चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मनापासून काळजीनं विचारलं, "पलंगाला कठडा नव्हता का हो, पाळण्याला असतो तसा?"