सव्वाशे सीसीचा दाखला

विषय : लातूर जिल्ह्यातील सर्वांत मोठी चेनसॉ कोणाची, हे ठरविण्याबाबत.
संदर्भ : चन्नबसप्पा अडते, अहमदपूर यांचे तोंडी म्हणणे.

जिल्हा उस्मानाबादच होता तोवर हा विषय निघाला नव्हता. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या करवती जमवणारे तेव्हा तिघे होते आणि सर्वांत मोठी तुळजापूरच्या गृहस्थांची होती. नवा लातूर जिल्हा झाला, तुळजापूर पलीकडे राहिलं आणि पहिला क्रमांक रिकामा झाला. उमेदवार दोन : चन्नबसप्पा आणि निवृत्त कारकून रेणुकादास. ज्याचं इंजिन लहान निघेल, त्यानं आपलं मशीन दुसऱ्याला द्यायचं ठरलं.

"मग हराच," रेणुकादासांच्या पत्नी विमलताई म्हणाल्या. "कॉटखाली झाडता तरी येईल."

रेणुकादासांनी तीस वर्षं लाकूडतोडीचे अर्ज पुढे पाठवले होते. चाकूरच्या रस्त्याला आता सावली शोधावी लागे. त्यातली किती झाडं आपल्या टेबलावरून गेली, हे या दुष्काळात त्यांना वरचेवर आठवे. नांदेडच्या लिलावात घेतलेली करवत त्यांनी म्हणूनच कधी सुरू केली नाही. एवढा दातांचा जबडा आपल्या घरात गप्प पडून आहे, याचं त्यांना समाधान होतं. (विमलताईंच्या मते ती सुरूच होत नव्हती.)

ठरल्या दुपारी चन्नबसप्पा आपलं मशीन घेऊन आले.

"हा बघा पत्रा. एकशे दहा सीसी. तुमचा पत्रा कुठं हाय?"

"पडला कुठंतरी. पण सव्वाशे आहे, अप्पा."

"दाखल्याबिगर?"

हाच शब्द लिहून रेणुकादासांनी तालुक्याचे निम्मे अर्ज परत केले होते.

शेवटी मोजायचं ठरलं. पिस्टन खाली ओढायचा, प्लगच्या भोकातून ओतायचं, मावेल ती क्षमता. पाण्यानं गंज चढतो. शिवाय चार दिवस टँकर नव्हता. म्हणून करडीचं तेल घेतलं. माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण. मशीनला ओरखडा नको, म्हणून ते विमलताईंच्या वाकळीवर ठेवलं.

"अकरा... बारा..." चन्नबसप्पा मोजू लागले. "तेरा!"

रेणुकादासांची मान ताठ झाली. सव्वाशे ओलांडले होते. इंजिन अजून भरलं नव्हतं.

विसाव्या टोपणाला चन्नबसप्पांनी पागोटं मागं सरकवलं. "हे मशीन हाय का ट्रॅक्टर?"

"जर्मन माल आहे. ओता."

एक्केचाळिसाव्याला बरणी संपली.

"चारशे दहा," चन्नबसप्पा हताशपणे म्हणाले. "लई मोठं हाय, राव. घ्या, माझं बी तुमचंच." ते आपलं मशीन उचलायला वाकले आणि तसेच थांबले. "रेणुकादासराव, करडीचा वास खालून यायलाय."

या जातीच्या इंजिनात पिस्टन खाली गेला, की बाजूचं धूर जायचं भोक उघडतं. वरून ओतलेलं तेल मुकाट्यानं बाहेर पडत होतं. विमलताईंच्या आईच्या लुगड्यांची ती वाकळ महिन्याभराचं तेल पिऊन बसली होती.

विमलताई आल्या. त्यांनी आधी बरणी पाहिली, मग वाकळ.

"अप्पा, दोन्ही मशीनं तुमच्याकडं न्या."

"पर वहिनी, निकाल न्हाई लागला."

"लागला."

संध्याकाळी कॉटखाली झाडून झालं. ती मोकळी फरशी रेणुकादासांना पाहवेना. त्यांनी मशीन घरी परत आणण्यासाठी विमलताईंना रीतसर अर्ज दिला. तो परत आला. वर शिसपेन्सिलीनं शेरा होता : 'क्षमतेचा दाखला जोडलेला नाही.' तीस वर्षांच्या संसारात विमलताईंनी एवढं तरी उचललं होतं.

चन्नबसप्पांनी आपल्या सहीनं दाखला दिला : 'अंदाजे सव्वाशे, गळती सोडून.' अर्ज पुन्हा गेला. या वेळचा शेरा : 'वाकळ धुऊन वाळल्यावर विचार करू.'

टँकर आता आठवड्यातून एकदा येतो. ते पाणी पिण्यापुरतंच पुरतं. अर्ज प्रलंबित आहे.